माळाखालचा घुमट

परत आल्यापासून जो भेटतो तो आधी चहा सांगतो आणि मग विचारतो, "काय, लागलं का तेल?" निजामाच्या मुलखात तेल शोधायला गेलेल्या माणसाच्या पिशवीतून निदान एक बाटली तरी निघावी, अशी पुण्याच्या लोकांची समजूत दिसते. माझ्या पिशवीतून फक्त काळी माती निघाली, तीही वहाणांना चिकटलेली. बायकोनं ती मोरीत धुऊन टाकली. तेव्हा निदान काय काय पाहिलं ते तरी लिहावं म्हणून बसलो आहे. ज्या गावात राहिलो त्याचं नाव मी मुद्दाम देत नाही. उमरग्यापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे, एवढं पुरे.

करोडगिरीचा नाका

सोलापूर सोडून निजामाच्या हद्दीत शिरताना जकातीचा नाका लागतो. करोडगिरी म्हणतात. नाक्यावरचे मुन्शी उतारवयाचे, दाढी मेंदीनं रंगवलेले आणि स्वभावानं चौकस. त्यांनी आमची ट्रक थांबवली आणि नेमकी माझीच पेटी उघडायला लावली. आत गवतात गुंडाळलेले लोखंडी डबे, प्रत्येकाला वायरीची शेपटी.

"ये क्या है मियाँ?"

माझं हिंदी म्हणजे मराठीला टोपी घातल्यासारखं. मी म्हणालो, "ये जमीन के कान है."

मुन्शींनी एक डबा उचलून स्वतःच्याच कानाला लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकलं. "कुछ बोलती नहीं," ते म्हणाले. आधी तिला जरा दचकवावं लागतं, असं मी सांगितल्यावर ते इतके हसले की आमच्यासाठी चहा मागवला आणि पेटीवर शिक्का मारून टाकला. आमच्याकडच्या नाक्यावर कुणी असा डबा कानाला लावला असता असं मला वाटत नाही. आधी कागद मागितला असता.

त्या गमतीत आमचं सगळं काम आलं होतं. जमिनीत खोल भोक पाडायचं, त्यात सुरुंग उडवायचा. हादरा खाली जातो आणि जिथं दगडाचा प्रकार बदलतो तिथून त्याचा थोडा भाग मागे फिरतो. ओळीनं पुरलेले हे कान तो परतलेला हादरा ऐकतात आणि अंधाऱ्या पेटीतल्या फोटोच्या कागदावर त्याच्या वाकड्यातिकड्या रेघा उमटतात. हादरा लवकर परतला तर थर वर आहे, उशिरा परतला तर खोल आहे. त्या रेघा वाचून खालचं जग कागदावर काढायचं, ही माझी नोकरी.

इकडचा सगळा मुलूख काळ्या दगडाचा, थिजलेल्या लाव्हेचा. त्या दगडाखाली कुणी पाहिलेलं नाही. पण त्याच्याही आधीची एखादी जुनी वाळू तिथं असेल, आणि ती वाळू कुठं घुमटासारखी फुगलेली असेल, तर त्या घुमटात तेल नाहीतर वायू अडकलेला असू शकतो. हैदराबादच्या काही श्रीमंतांनी एवढ्या "असेल"वर पैसे घातले होते. लढाई नुकतीच संपली होती, लष्कराच्या ट्रका स्वस्तात मिळत होत्या आणि घासलेट मात्र कुठंच मिळत नव्हतं.

गाव

आमचे प्रमुख घोषबाबू कलकत्त्याचे. सडपातळ, अबोल, मासळीवाचून हळूहळू वाळत चाललेले. सुरुंगवाला सोलापूरहून यायचा होता, पण तो हिवतापानं अंथरुणाला खिळला. मग कुणीतरी तेरखेड्याहून इस्माईलभाईंना आणलं. शोभेची दारू करणारं त्यांचं घराणं. माणूस गोरा, नीटनेटका, अत्तर लावून सुरुंग भरायला बसणारा. सुरुंग उडवायच्या विजेच्या पेटीची कळ त्यांनी एका सकाळीच शिकून घेतली.

माझी सोय दस्तगीरसाहेबांच्या पडवीत होती. ते गावचे मोठे जमीनदार, बोलायला दिलखुलास, कुठल्याही नव्या गोष्टीवर पटकन भाळणारे. आमची ट्रक त्यांनी तीनदा फिरून पाहिली. त्यांच्या पत्नी सुग्राबी अगदी उलट. दिवस उगवायच्या आत स्वतः रानात जाऊन येणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या. पहिल्या दिवशी माझ्यापुढं भाकरी, दालचा आणि शेंगदाण्याची चटणी ठेवून त्यांनी विचारलं, "तुमी जमिनीचे डाक्टर का?"

"तसंच काहीसं," मी म्हणालो.

"मग दुखतंय कुठं ते तिला पुसा की. सुरुंग कशाला लावताव?"



दस्तगीरसाहेबांच्या बांधाला लागून शिवलिंगप्पांचं रान. दोघं लहानपणापासूनचे दोस्त, दिवसातून दोनदा भांडणारे. शिवलिंगप्पांकडे जेवायला गेलो तेव्हा पानावर आधी हुग्गी आली. गव्हाची, गुळाची, वर दूध आणि तुपाची धार. आमच्याकडे गोड शेवटी घेतात, त्यामुळे मला वाटलं जेवण म्हणजे हेच. मी पोट भरून हुग्गी हाणली, "आता पुरे" म्हणून हात आवरता घेतला, आणि तेव्हा आतून भाकरी, वांगी, आंबाडी, भात अशी खरी पंगत निघाली. शिवलिंगप्पा म्हणाले, "साहेब, तुमी वरच्या थरालाच गार झालाव. खालचं कवा बघणार?" गावात हा विनोद मी असेपर्यंत चालला.

माळ

सगळ्यात सुंदर गोष्ट ही, की सुरुंगाच्या वेळी सगळं गाव गप्प राहायचं. आमचे कान इतके तिखट की दूरवर गाडीचं चाक फिरलं तरी कागदावर थरथर उमटायची. म्हणून सुरुंगाआधी माळावर लाल निशाण चढवायचं आणि ते उतरेपर्यंत कुणी हलायचं नाही, असं ठरलं होतं. घोषबाबूंना वाटलं लोक ऐकणार नाहीत. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की विचारू नका. निशाण चढलं की मोट थांबायची. उखळातलं मुसळ वरच्या वर धरलं जायचं. हुरड्याच्या आगटीभोवती बसलेली माणसं कणीस हातात तसंच धरून ठेवायची. एकदा तर एक म्हातारा शिंक दाबून लालबुंद झालेला मी पाहिला.

त्या थांबलेल्या वेळात थंडीतलं ऊन जोंधळ्यावर नुसतं पडून असायचं. मी ट्रकच्या अंधाऱ्या पेटीत बसलेला. बाहेरचं काही दिसायचं नाही, यंत्राच्या गुरगुरीत ऐकूही यायचं नाही. फक्त कागद सरकायचा आणि त्यावर रेघा दचकायच्या. ओला कागद धुऊन दोरीवर वाळत घातला की मला वाटायचं, हे खालून आलेलं पत्र आहे आणि ते वाचता येणारा या पंचक्रोशीत मी एकटा. माणसाला असं वाटू लागलं की त्याच्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं.

तिसऱ्या का चौथ्या ओळीवर ती रेघ मला दिसली. पहिल्या मोठ्या हादऱ्यानंतर थोड्या वेळानं, इतर गडबडीतून स्वच्छ वर येणारी एक दुसरी लहर. पुढच्या कागदावर तीच. त्याच्या पुढच्यावर तीच. काळ्या दगडाच्या पोटातून इतका स्पष्ट आवाज येत नाही म्हणतात, आणि इथं तर ती पत्रावळीवर वाढल्यासारखी समोर होती. मी मधल्या कानाच्या रेघेवरून वेळ घेत गेलो आणि नकाशावर मांडत गेलो. ओढ्याकाठी लहर उशिरा यायची. माळाकडे सरकावं तशी लवकर लवकर. म्हणजे ओढ्याखाली थर खोल आणि माळाखाली उचललेला. घुमट! शिवलिंगप्पांच्या त्या खडकाळ, कुसळी गवताच्या माळाखाली अख्खा घुमट.

त्या दिवसांत मी दुपारी माळावर उताणा पडून राहत असे. पाठीखाली तापलेला दगड, वर घार. मला खरंच वाटायचं की खाली, लाव्हेच्या कितीतरी आधीचा एक समुद्रकिनारा आहे. ओली वाळू आहे, लाटा आहेत, आणि वरून हा काळा दगड आला तेव्हा त्यानं ते सगळं झाकणासारखं जपून ठेवलं आहे. डोळा लागायचा आणि झोपेत मला त्या वाळूवरून चालता यायचं. जागा झालो की तोंडाला मिठाची चव असायची. ती बहुधा घामाची.

कंपनीची ताकीद होती की निकालाबद्दल कुणाशी बोलायचं नाही. मी बोललो नाही. पण माझा चेहरा कंपनीच्या नोकरीत नव्हता. शिवाय घोषबाबूंनी माळावर जवळ जवळ खुंट्या मारून पुन्हा सुरुंग लावायला सांगितले, आणि खुंट्या कुठं दाट आहेत हे गावाला मोजायला येत होतंच. दस्तगीरसाहेब एका संध्याकाळी माझ्याजवळ बसले. "साहेब, तुमी काय सांगू नका. म्या सांगतो, तुमी नुसतं न्हाय म्हणा. माळाखाली हाय न्हवं?"

मी नाही म्हणालो नाही.

चार दिवसांनी कळलं की त्यांनी शिवलिंगप्पांशी जमिनीची अदलाबदल ठरवली होती. माळ दस्तगीरसाहेबांना, आणि त्याबदल्यात ओढ्याकाठचं काळं रान शिवलिंगप्पांना. "तेल निघालं की सरकार येनार, कंपनी येनार," शिवलिंगप्पा मला म्हणाले. "मला त्यांच्यासंगं बोलाय जमतंय का? मला जोंधळा कळतुया. त्यो घेऊ द्या माळ." त्यांचंही चुकीचं नव्हतं. तेवढ्यात मला हेही कळलं की ते काळं रान दस्तगीरसाहेबांचं नव्हतंच. ते सुग्राबींच्या लग्नातलं, मेहरात लिहून दिलेलं. कागदावर अंगठा त्यांचा लागणार होता.

त्या दिवशी भाकरी वाढताना त्या आपण होऊन बोलल्या. "लग्न झालं तवा सासऱ्यानं रान दावलं. मला वाटलं, सोनं दिलं असतं तर मिरवलं असतं. मग एक साल पाऊस न्हवता. सगळ्यांचं जळालं आन माझं त्येवढं हिरवं. तवापासनं म्या कुनाचं सोनं बघत न्हाय." पुढची भाकरी ताटात ठेवत म्हणाल्या, "ह्ये म्हन्तेत, माळ आला तर पोरं शहरात शिकतील. तुमाला दिसलंय म्हन्तेत. मग देते."

मनातल्या मनात मी म्हणत होतो की घुमट आहे, मी पाहिला आहे, या बाईंचं भलंच होणार.

पडवी

अदलाबदलीचा कागद नोंदवायला ती मंडळी उमरग्याला जाणार होती, त्याच्या आदल्या दुपारी मी पक्का नकाशा काढायला बसलो. पडवीत सगळे कागद शेजारी शेजारी अंथरले. हात स्थिर राहावा म्हणून पातळ कागदावर आधी पहिला मोठा हादरा गिरवला. सुरुंगाजवळचा कान आधी हादरतो, लांबचा उशिरा, म्हणून ती रेघ तिरकी. पातळ कागद खाली सरकवून मी घुमटाची लहर गिरवायला घेतली, आणि पेन्सिल थांबली. गिरवायला काही उरलंच नव्हतं. वरची तिरकी रेघ खालच्या लहरीवर केसभरही न चुकता बसली होती.

ज्याला या कामाचा गंध नाही त्याला सांगतो. खूप खोलातून परतणारा आवाज जवळच्या आणि लांबच्या कानाला जवळजवळ एकदमच येतो, जसा आभाळातला गडगडाट आळीतल्या सगळ्या घरांना एकदम ऐकू येतो. त्याची रेघ इतकी तिरकी असूच शकत नाही. ही लहर खालून आलेली नव्हती. ती पहिल्या हादऱ्यासारखीच वरून, सुरुंगाच्या जागेवरूनच निघाली होती. म्हणजे तिथं काहीतरी दुसऱ्यांदा उडत होतं.

मी तसाच अनवाणी इस्माईलभाईंकडे गेलो. ते कडुलिंबाखाली बसून वाती वळत होते.

"इस्माईलभाई, तुम्ही एकाच वेळी किती सुरुंग उडवता?"

"एकच, साहेब." मग जरा लाजून म्हणाले, "आन एक जोडीचा. लहानसा. आपल्याच दारूचा, तुमच्या मालाला हात न्हाय लावला."

मी त्यांच्या वातींशेजारी बसलो. त्यांना वाटलं मी खूश झालो, म्हणून ते उत्साहानं सांगू लागले. त्यांच्या घराण्यात एकटा बार मयतीलाच काढतात. शुभ कामात बार जोडीनंच. इथं तर गावाचं नशीब उघडायचं काम, त्यात एकटा बार कसा काढायचा? म्हणून ते मोठ्या भोकाशेजारी हातभर खोल एक छोटा बार पुरत, त्याची लांब वात जमिनीवरून स्वतःपर्यंत आणत, आधी वात पेटवत, आणि खुणेला ठेवलेल्या दगडापाशी ठिणगी पोचली की पेटीची कळ दाबत. मोठा बार उडाला की मागोमाग धाकटा. ट्रकमधल्या अंधारात बसलेले घोषबाबू आणि मी सोडून हे सगळ्या गावाला माहीत होतं. लोकांना वाटलं, तशीच रीत असेल.

"आणि माळावर तो लवकर उडतो?" मी विचारलं.

"तिथं माती कोरडी न्हवं का. वात सरसर पळती. वढ्याकाठी वल धरती, दमानं जाती."

असा माझा घुमट. कोरड्या मातीत वात सरसर पळाली होती आणि तिच्यावर मी समुद्र बांधला होता. मला रागही येईना. त्यांनी जे केलं ते आमच्या भल्यासाठी, मनापासून केलं होतं. मी त्यांच्याजवळ बसून राहिलो आणि त्यांनी मला विडा करून दिला.

घोषबाबूंनी कागद पाहिले, पातळ कागद स्वतः सरकवून पाहिला आणि चष्मा काढून पुसत बसले. "कंपनीला हैदराबादला लिहावं लागेल," ते म्हणाले. "तोपर्यंत गावात एक शब्द नाही. नाहीतर तुमची नोकरी मी वाचवू शकणार नाही." त्यांचंही खरं होतं. कंपनीचं पत्र यायला पंधरवडा लागला असता. सुग्राबींचा अंगठा उद्या लागणार होता.

उमरग्याची वाट

सकाळी पडदा बांधलेली गाडी निघाली. दस्तगीरसाहेब पुढं बसले होते, अंगावर नवी शेरवानी. पडद्याआड सुग्राबी. गावाबाहेर वाट फुटते तिथं शिवलिंगप्पा आपली गाडी घेऊन थांबले होते. मी आधीच तिथं जाऊन उभा होतो. बोलायचं ठरवून आलो होतो.

"काय साहेब, सोबत येता का?" दस्तगीरसाहेब म्हणाले.

"माळाखाली घुमट नाही," मी म्हणालो. "तेल आहे असं म्हणायला काही आधार नाही. मला दिसलं ते चुकीचं होतं." आणि मग दारू, वात, दगड, सगळं एका दमात सांगून टाकलं.

दस्तगीरसाहेब आधी हसले, मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबले. "म्हंजी... खाली कायबी न्हाय?"

"खाली काय आहे ते या काळ्या दगडातून मला दिसत नाही. असेलही, नसेलही."

दस्तगीरसाहेब शेरवानीची कॉलर सारखी करत म्हणाले, "आता काय करायचं? शिवलिंगप्पाला जबान दिली म्या. दस्तगीर जबान फिरवत न्हाय. चला, गाडी हाका."

पडद्याआडून आवाज आला, अगदी शांत. "जबान तुमी दिली. रान माझं हाय. गाडी वळवा."

आता सगळं शिवलिंगप्पांवर होतं. त्यांनी हट्ट धरला असता तर दोन घरांचं आयुष्यभराचं वैर झालं असतं, आणि हट्ट धरायला त्यांच्याजवळ कारण होतं. असं रान माणसाला पुन्हा मिळत नाही.

शिवलिंगप्पांनी कासरा सैल सोडला. "रान मिळालं असतं तर लई आवडलं असतं मला," ते म्हणाले. "झूट कशाला बोलू? रातीच म्या मनात त्यात पुढल्या सालचा हरभरा पेरला हुता. पर भाबी रोज बांधावरनं जानार, आन म्या तिच्या देखत तिच्या रानात पाभर हाकनार, ह्ये न्हाय जमायचं." मग दस्तगीरसाहेबांकडे वळून, "तुजी जबान तुला परत, बाबा. त्येवढी नवी शेरवानी वाया गेली."

दस्तगीरसाहेबांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते आणि ते हसतायत की रडतायत हे मला कळलं नाही. मला मात्र रडू आलं, ते मी लपवलं नाही.

गाड्या माघारी वळल्या. मी पायी मागून चाललो. ओढ्याजवळ सुग्राबींनी गाडी थांबवायला सांगितली, पदर सावरत उतरल्या आणि थेट आपल्या रानात शिरल्या. हरभरा गुडघ्याला लागत होता, पानांवर अजून दव होतं. त्या वाकल्या, माती हातात घेऊन चुरली आणि मला हाक मारली.

"साहेब, तुमच्या त्या कागदावर माझ्या रानाचं काय लिवलंय?"

मी पिशवीतून नकाशा काढला. घुमट खोडला होता, आणि त्याबरोबर ओढ्याकाठचे आकडेही. तिथं आता कोरा कागद होता.

"काहीच नाही," मी म्हणालो.

"मग तसंच ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या, आणि हरभऱ्यातलं तण उपटायला लागल्या.